मलेरिया-प्लेगवरचे १९४६ ते ५५ मधले लेख कसे शोधावेत?

प्रश्न: मुंबई राज्यातली डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी हा प्रबंधाचा विषय आहे. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत फार थोडं सापडतं, तेही सारांशाविना. पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात अमेरिकी लष्करी वैद्यकीय ग्रंथालयाच्या ‘इंडेक्स-कॅटलॉग’ या छापील विषयसूचीच्या चौथ्या मालिकेचे खंड आहेत. त्यांचा उपयोग होईल का?

ग्रंथपाल: फारसा नाही. ही मालिका अक्षरक्रमाने छापली जायची. १९३६ मध्ये ‘ए’ निघाला आणि १९५५ ला ‘एमएन’ (Mn) या अक्षरजोडीपाशी काम थांबलं. म्हणजे ‘ए’च्या विषयांत युद्धोत्तर काहीच नाही, आणि प्लेग ‘पी’चा असल्याने त्याची पाळीच आली नाही. छापायच्या राहिलेल्या कार्डांचा ढीग एवढा वाढला होता, की ग्रंथालयाचे संचालक फ्रँक रॉजर्स यांच्या काळात मालिका बंद करायचं ठरलं. निर्णय कठोर होता, पण योग्यच. कर्मचाऱ्यांचे हात ‘करंट लिस्ट ऑफ मेडिकल लिटरेचर’ या नव्या लेखांच्या छापील सूचीसाठी मोकळे झाले.

तुम्हाला हीच ‘करंट लिस्ट’ हवी. जुलै १९५० पासून ती मासिक झाली. आधी विषयसूचीत नोंदक्रमांक पाहा, मग तो क्रमांक मुख्य यादीत काढा. तिथे नियतकालिकाच्या अंकानुसार लेख लावलेले असतात. विषयसूचीत नुसतं ‘डीडीटी’ पाहून थांबू नका, ‘मलेरिया’ आणि ‘कीटकनाशके’ही बघा.

जुनी_नोंद: पबमेडमधल्या १९४६ ते ६५ च्या नोंदी अशाच छापील सूच्यांतून संगणकावर चढवल्या आहेत. सूचीत सारांश नव्हतेच, म्हणून तिथेही नाहीत. ‘सारांश उपलब्ध’ ही चाळणी लावली असेल तर आधी काढा, नाहीतर हा सगळा काळच गळून पडतो. लेखकाचं आडनाव आणि आद्याक्षरं टाका (मुंबई राज्यातले मलेरियातज्ज्ञ विश्वनाथन डी. के. यांच्यापासून सुरुवात करा), सोबत वर्षांची मर्यादा द्या.

ग्रंथपाल: ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ १९५५ पर्यंत पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या ऑनलाइन संग्रहावर पूर्ण आणि मोफत आहे. पानं स्कॅन केलेली असल्याने शब्दशोध चुकतो, तेव्हा प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका डोळ्यांखालून घाला. ‘इंडियन जर्नल ऑफ मलेरियॉलॉजी’ १९४७ पासूनचं आहे. त्याचे छापील खंड मागवा. त्या काळच्या आम्लयुक्त कागदाच्या कडा तुटतात. खंड झेरॉक्सच्या काचेवर पालथा दाबू नका. दोन्ही बाजूंना उशा देऊन अर्धवट उघडा आणि वरून मोबाइलने फोटो घ्या.