लोड बॅलन्स केला तरी न्यूट्रल तापतोय, फेजपेक्षा न्यूट्रलमध्ये जास्त करंट कसा काय?

रायझर_मेन्टेनन्स

नमस्कार मंडळी, पाच मजली ऑफिस बिल्डिंगचं इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स बघतो. दीड वर्षापूर्वी सगळ्या जुन्या ट्यूब काढून एलईडी लावल्या, कॉम्प्युटरही बरेच वाढलेत, आणि आता तिसऱ्या मजल्याच्या रायझरवर (खालून मजल्यापर्यंत वर येणारी मेन केबल) न्यूट्रलचा, म्हणजे करंटच्या परतीच्या वायरचा, लग (वायरच्या टोकाला बसवलेला जोड) एवढा तापतोय की इन्सुलेशन तपकिरी पडलंय. केबल साडेतीन कोअर ७० स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम, म्हणजे न्यूट्रल ३५ चा. आधी वाटलं अनबॅलन्स असेल, म्हणून एक अख्खी सुट्टी घालवून सगळी सर्किटं फेजवर नीट वाटून घेतली, तर आता तिन्ही फेजवर आर ९२, वाय ८८, बी ९५ अँपिअर आणि न्यूट्रल ११८!! दुसऱ्याचा क्लॅम्प मीटर आणून बघितला, तेच. शिकताना तर बॅलन्स लोडला न्यूट्रल झीरो असं पाठ केलं होतं.

दुसरं म्हणजे मेन पॅनलच्या एपीएफसीतले (पॉवर फॅक्टर सुधारायला स्टेप-स्टेपने आपोआप कपॅसिटर जोडणारा पॅनल) कपॅसिटर सहा महिन्यांत दुसऱ्यांदा फुगले, स्टेपचे फ्युज उडतात ते वेगळंच. ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीए आहे, लिफ्ट आणि पंप व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह). एक व्हेंडर म्हणतोय मेन पॅनलला मोठा ॲक्टिव्ह फिल्टर (करंटमधल्या नको त्या फ्रिक्वेन्सी खोडणारं यंत्र) बसवा, दोन्ही प्रॉब्लेम जातील. साहेबांना प्रपोजल द्यायचंय, खरंच जातील का?

तीन_फेज_काका

आधी तो लग. शटडाऊन घेऊन, टेस्ट करून, लग कापून नवीन क्रिंप करा (दाबून बसवा), नुसता आवळू नका, तपकिरी पडलाय म्हणजे आतली पकड गेलेली असते. आणि चालू लाइनवर न्यूट्रल चुकूनही सोडू नका, न्यूट्रल सुटला तर ज्या फेजवर लोड कमी तिथलं व्होल्टेज तीनशेच्या पुढे जाईल आणि मजल्यावरचे कॉम्प्युटर, ड्रायव्हर सगळं एका मिनिटात जळेल. हे काम या आठवड्यात करा, प्रपोजल नंतर.

आता तुमच्या प्रश्नाचं. पाठ केलेलं चूक नव्हतं, पण ते शुद्ध साइन वेव्हपुरतं होतं. एलईडी ड्रायव्हर आणि कॉम्प्युटरची पॉवर सप्लाय करंट अखंड ओढत नाही, व्होल्टेजच्या शेंड्यावर कपॅसिटर भरायला एक टोकदार झटका ओढते आणि बाकीचा वेळ गप्प. या टोकदार वेव्हमध्ये ५० हर्ट्झसोबत १५०, २५०, ३५० असं सगळं असतं, ५० च्या या पटींनाच हार्मोनिक म्हणतात, १५० हा तिसरा. तीन फेज एकमेकांपासून १२० अंशांवर, पण तिसऱ्या हार्मोनिकसाठी ते अंतर तिप्पट होतं, म्हणजे ३६०, म्हणजे तिन्ही फेजचे १५० हर्ट्झ एकाच तालात नाचतात. ५० हर्ट्झवाले न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारतात, हे मात्र एकमेकांवर चढतात. नवव्या आणि पंधराव्या हार्मोनिकचंही तसंच. तुमच्या ११८ मध्ये अनबॅलन्सचा भाग किरकोळ आहे, म्हणजे प्रत्येक फेजमधून साधारण ३९ अँपिअर थर्ड, म्हणजे तिसरा हार्मोनिक, येतोय. सर्किटं आणखी कितीही वाटली तरी हे कमी होणार नाही. मीटरला फ्रिक्वेन्सी दाखवायची सोय असेल तर न्यूट्रलवर लावून बघा, १५० दिसेल. मीटर ट्रू आरएमएस (वाकड्यातिकड्या वेव्हचाही खरा आकडा देणारा) आहे ना तेही बघा, साध्या ॲव्हरेजवाल्यावर असा करंट कमी दिसतो, म्हणजे खरा आकडा ११८ पेक्षाही मोठा असू शकतो.

आणि व्हेंडरचं म्हणणं अर्धंच खरं आहे. फिल्टर जिथे बसतो तिथून वरची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडची बाजू साफ होते. खाली लोडपासून फिल्टरपर्यंत हार्मोनिक करंट वाहतोच, आणि तो रस्ता म्हणजेच तुमचा रायझर. मेन पॅनलला कितीही मोठा फिल्टर लावा, तिसऱ्या मजल्याचा न्यूट्रल ११८ च दाखवणार. रायझरसाठी उपाय मजल्यावर करायला लागेल, एकतर न्यूट्रल जाड करा नाहीतर त्या मजल्याच्या डीबीपाशीच (सर्किटं वाटणारा बोर्ड) चार वायरचा छोटा फिल्टर. मी असतो तर केबल बदलली असती, तिला ना पंखा ना प्रोग्रॅम, एकदा टाकली की विषय संपला.

पॅनलवाला७

काकांशी सहमत, फक्त केबलचं जरा मोजून करा, उगाच न्यूट्रल डबल टाका असं सांगतात तसं नको. आयईसी ६०३६४ या वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकात याचा तक्ता आहे. फेज करंटमध्ये थर्ड ३३ ते ४५ टक्के असेल तर साइझ न्यूट्रलच्या करंटवर ठरवायचा आणि ०.८६ ने भागायचं. तुमचं ३९ भागिले ९२ म्हणजे ४२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ११८ भागिले ०.८६, १३७ अँपिअर झेपेल अशी चार कोअर केबल, चारही कोअर एकाच साइझच्या. तुमच्या टाकण्याच्या पद्धतीला त्या साइझची क्षमता किती ते केबलच्या तक्त्यात बघून घ्या. ४५ च्या वर गेलं तर ०.८६ लागत नाही, थेट न्यूट्रलचा करंट धरायचा. पुढे लोड वाढणार असेल तर आत्ताच धरून ठेवा.

कपॅसिटर_दुरुस्ती

कपॅसिटरचा रोग वेगळा आहे, त्याचा थर्डशी फारसा संबंध नाही, तो व्हीएफडीच्या पाचव्या-सातव्याचा. ट्रान्सफॉर्मरचं इंडक्टन्स आणि तुमचे कपॅसिटर मिळून एका फ्रिक्वेन्सीला रेझोनन्सला जातात, म्हणजे तिथला हार्मोनिक फुगत जातो. हिशोब सोपा आहे, शॉर्ट सर्किट केव्हीए (ट्रान्सफॉर्मरचे केव्हीए भागिले त्याचा इम्पीडन्स) भागिले चालू असलेले केव्हीएआर (कपॅसिटरची क्षमता), त्याचं वर्गमूळ म्हणजे कितव्या हार्मोनिकवर रेझोनन्स ते. इम्पीडन्स ५ टक्के धरला तर ५०० केव्हीएचे १०,००० होतात. २०० केव्हीएआर चालू असतील तर वर्गमूळ ५० चं, म्हणजे ७.०७, बरोब्बर सातव्यावर! १०० असतील तर १०, तिथे कोणी त्रास देणारं नाही. म्हणजे एपीएफसी स्टेप टाकत जातो तसा रेझोनन्स सरकत खाली येतो आणि ठराविक स्टेपलाच फ्युज उडतो. रिॲक्टर (कपॅसिटरच्या सिरीजमधली कॉइल) आहेत का बँकेला, म्हणजे कपॅसिटरच्या संचाला? एकूण किती केव्हीएआर?

रायझर_मेन्टेनन्स

काका लग बदलला, कापल्यावर आतून काळा निघाला, बरं झालं सांगितलंत. मीटरवर न्यूट्रलला १५० च आलं.

बँक २५० ची, २५ च्या दहा स्टेप, रिॲक्टर एकही नाही, कपॅसिटर ४४० व्होल्टचे. भाड्याने ॲनलायझर आणला होता. आठ स्टेप आत असताना मेन बसवर व्होल्टेज टीएचडी (सगळे हार्मोनिक मिळून किती टक्के ते) ७.६, त्यात सातवा सगळ्यात मोठा, एपीएफसी पूर्ण बंद केल्यावर ३.४. आणि गंमत म्हणजे बंद असतानाही कोसाइन फाय (नुसत्या ५० हर्ट्झचा पॉवर फॅक्टर) ०.९६ होता, पण मीटरवर पॉवर फॅक्टर ०.८८.

कपॅसिटर_दुरुस्ती

मग झालं, रोगी सापडला. ते ०.९६ आणि ०.८८ मधलं अंतर हार्मोनिकचं आहे, करंटचा टीएचडी वाढला की पॉवर फॅक्टर पडतो आणि तो भाग कपॅसिटरने भरून निघतच नाही. एपीएफसीच्या रिलेचं टार्गेट बघा, बरेच रिले एकूण पॉवर फॅक्टर बघून स्टेप टाकत सुटतात आणि लोड लीडिंगला जातो, म्हणजे करंट व्होल्टेजच्या पुढे पळतो.

माझा सल्ला असा. आत्ता स्टेप कमी करून ठेवा, आठ तर मुळीच आत येऊ देऊ नका. नवीन बँक घेताना ७ टक्क्यांचे रिॲक्टर घ्या, त्याने ट्यूनिंग (रिॲक्टर आणि कपॅसिटरची मिळून रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी) १८९ हर्ट्झला जातं, पाचव्याच्या खाली, मग पाचवा-सातवा वाढत नाही. बसवर थर्डचं व्होल्टेज जास्त असेल तरच १४ टक्के, त्याचं १३४ ला जातं. जुने ४४० वाले कपॅसिटर त्यात वापरू नका, रिॲक्टरमुळे कपॅसिटरवर व्होल्टेज साडेसात टक्के चढतं, ४१५ चे ४४६ होतात, म्हणून ४८० किंवा ५२५ चेच घ्यायचे. आणि काही स्टेप रिॲक्टरच्या, काही बिनरिॲक्टरच्या असं मिक्स अजिबात करू नका, नुसत्या स्टेप पुन्हा रेझोनन्स आणतात.

पॅनलवाला७

व्हीएफडींना इनपुट चोक (सप्लायच्या बाजूची कॉइल) आहे का ते पण बघा. चोक नसलेल्या सहा पल्सच्या (सहा डायोडच्या साध्या) ड्राइव्हचा करंट टीएचडी ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वरही जातो, ३ ते ५ टक्क्यांचा चोक टाकला की साधारण ३५-४० वर येतो. ड्राइव्हमध्ये आत डीसी चोक असेल तर बाहेरच्याचा फायदा कमी, म्हणून आधी मॅन्युअल उघडून खात्री करा. लिफ्टचे पॅनल उघडायच्या आधी लिफ्टवाल्यांना विचारा, पंपांचे तुमचे तुम्ही करू शकता.

रायझर_मेन्टेनन्स

पंपांच्या तिन्ही ड्राइव्हना चोक नाही, आत डीसी चोक पण नाही, आजच बघितलं. प्रपोजल असं करतो, तिसऱ्या मजल्याची चार कोअर केबल, पंपांना चोक, रिॲक्टरवाली नवीन बँक, आणि हे सगळं झाल्यावर ॲनलायझर परत लावून मगच फिल्टरचं बोलायचं. बाकीच्या चार रायझरचे न्यूट्रल उद्यापासून मोजायला घेतो, चौथ्या मजल्यावर तर जास्तच कॉम्प्युटर आहेत.

तीन_फेज_काका

चौथ्याचा आधी मोजा, दुपारी फुल लोडवर. आणि डीबीतला न्यूट्रल बसबार पण हात न लावता थर्मल कॅमेऱ्याने बघा, रायझर सुधारला तरी तिथला जॉइंट राहून जातो.