बहीण मुलांना घेऊन माहेरी आली आहे. पुढचा क्रम काय लावावा?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मावसबहीण दोन मुलांना घेऊन नाशिकहून साताऱ्याला माहेरी आली आहे. परत जायचं नाही हे तिचं ठरलं आहे, तेव्हा 'समजावून बघा' छापाचे प्रतिसाद नकोत. हातात आहे ते एवढंच: नाशिकच्या पोलीस ठाण्यातली एक एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), सरकारी दवाखान्याचा एक केसपेपर, फोनमधले मेसेज. सिम नवऱ्याच्या नावावर. आधार आणि बँक, दोन्हींना त्याचाच नंबर. दागिने सासूच्या लॉकरमध्ये. मुलगा चौथीत, मुलगी साडेचार वर्षांची. बहीण बी.कॉम. आहे, लग्नाआधी अकाउंट्सचं काम करायची.

घरात कोणी म्हणतं आधी केस टाका, कोणी म्हणतं आधी नोकरी, मामा म्हणतात आधी मुलांची शाळा. क्रम काय असावा आणि गाडी नेमकी कुठे अडते, हे माहीतगारांनी सांगावं.

खिडकी क्रमांक चार

आधी नंबर. बाकी सगळं त्यानंतर. आज तिने कुठलाही अर्ज भरला तरी ओटीपी नवऱ्याच्या खिशात वाजणार.

तिच्या स्वतःच्या नावावर नवं सिम घ्या. जुना नंबर पोर्ट करायच्या नादी लागू नका. पोर्ट केल्याने कंपनी बदलते, मालक तोच राहतो. मग आधार केंद्रावर जाऊन मोबाइल नंबर बदला. त्याला कागदपत्र लागत नाही, ठसे पुरतात. पावती जपून ठेवा. नंबर बदलल्याची खात्री झाल्यावरच पत्त्याला हात घाला. लोक घाईत आधी पत्ता बदलायला जातात आणि त्याचा मेसेज जुन्या नंबरवर, म्हणजे नवऱ्याकडे जातो.

बँक खातं दुसऱ्या बँकेत उघडा. त्याच बँकेत, अगदी वेगळ्या शाखेत उघडलं तरी ते जुन्या ग्राहक क्रमांकालाच जोडलं जातं, आणि नंबर-पत्ता जुनाच राहतो. पैसे नसतील तर शून्य शिलकीचं बेसिक खातं मागा. खातं उघडतानाच आधार सीडिंगचा, म्हणजे अनुदानासाठी आधार या खात्याला जोडण्याचा, फॉर्म भरा, नाहीतर सरकारी अनुदान जुन्याच खात्यात पडत राहील. जुनं खातं बंद करण्याआधी जितक्या मागचे मिळतील तितके स्टेटमेंट छापून घ्या, कोर्टात लागतात. संयुक्त खातं असेल तर 'यापुढे दोघांच्या सहीशिवाय व्यवहार नको' असं लेखी पत्र देऊन पोच घ्या.

आता फोन. घाबरून रीसेट मारू नका, पुरावा त्यातच आहे. मेसेज तारीख आणि नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट काढून नव्या ईमेलवर पाठवा, मूळ फोन तसाच ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा पुराव्यासोबत कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात कुठल्या उपकरणातून काढलं ते लिहावं लागतं. मग व्हॉट्सॲपमधली लिंक्ड डिव्हायसेस, गूगल खात्यातली उपकरणांची यादी, रिकव्हरी नंबर आणि मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग तपासा. मुलांचा टॅब विसरू नका. आणि घरात सगळे मिळून वापरायचे ते खरेदीचं ॲप: त्यात नवा पत्ता टाकला की तो त्या खात्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. तिथे नवं खातंच काढा.

काळा कोट

वरचं आठवड्यात उरकतं. कोर्टाचं काम त्याच्याबरोबरीने सुरू करा, थांबू नका.

कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम १२ खाली अर्ज साताऱ्यातच करता येतो. कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती राहते तिथलं न्यायदंडाधिकारी कोर्टही चालतं, नाशिकला खेटे घालायची गरज नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं तर १५१००. या कायद्याखाली स्त्रीला मदत करायला नेमलेला संरक्षण अधिकारी कोण हे महिला व बालविकास कार्यालयात कळेल. त्यांच्याकडून घटना अहवाल (हिंसेच्या घटनांची नोंद) भरून घेतलेला बरा, पण तो तयार नाही म्हणून अर्ज अडवून ठेवू नका. अहवाल सक्तीचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रभा त्यागी प्रकरणात २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

गाडी अडते ती पुढे. मूळ अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्या भरवशावर घर चालत नाही. म्हणून कलम २३ चा अंतरिम अर्ज शपथपत्रासह पहिल्याच दिवशी वेगळा लावा. त्यात चार मागण्या हव्यात: संरक्षण, दरमहा रक्कम, कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा, आणि दागिन्यांचं लॉकर उघडायला किंवा दागिने विकायला मनाई. शेवटची मागणी कलम १८ मध्ये बसते आणि स्त्रीधन परत देण्याचा आदेश कलम १९(८) मध्ये. लॉकर सासूचं असल्याने सासूला प्रतिवादी करावं लागेल. २०१६ च्या हिरल हरसोरा निकालानंतर स्त्रीलाही प्रतिवादी करता येतं. मात्र म्हणून नणंद, तिचा नवरा, चुलतसासरे अशी फौज उभी करू नका. प्रत्येकाला नोटीस बजावण्यात तारखा जातात आणि मोघम आरोपांमुळे खऱ्या आरोपाचं वजन उतरतं.

'मला पोटगी द्या' एवढं लिहून आकडा मिळत नाही. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालापासून दोन्ही बाजूंनी मालमत्ता व देण्यांचं शपथपत्र द्यायचं असतं, आणि रक्कम अर्जाच्या तारखेपासून मिळायला हवी असंही त्यात म्हटलं आहे. तिचा खर्च ओळीओळीने मांडा: किराणा, दूध, शाळेची फी, रिक्षा, औषधं, भाडं. माहेरी भाडं द्यावं लागत नाही म्हणून तो रकाना कोरा ठेवतात. वेगळं राहायला काय लागेल ते तिथे लिहा. नवऱ्याचं उत्पन्न तो कमीच दाखवणार. कंपनीचं नाव आणि पत्ता, गाड्यांचे नंबर, विम्याचे हप्ते, जमीन असेल तर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून सातबारा, हे तुम्ही गोळा करा. पगारपत्रकं आणि बँक स्टेटमेंट हजर करायचा आदेश कोर्टाकडे मागा. ती उद्या कमावती झाली म्हणून हक्क आपोआप संपत नाही, तेव्हा केससाठी नोकरी लांबवू नका.

नोटीस बजावणी हा दुसरा खड्डा. 'घर बंद आहे' असा शेरा मारून नोटीस परत येते. घराच्या पत्त्यासोबत ऑफिसचा पत्ता, ओळखीची खूण आणि चालू मोबाइल नंबर अर्जातच द्या.

आदेश झाल्यावर रक्कम आली नाही तर वसुलीचा अर्ज लगेच करा. थकबाकी वर्षाच्या आत मागावी लागते. तो नोकरीत असेल तर कलम २०(६) प्रमाणे थेट मालकाला पगारातून कापून द्यायचा आदेश मिळू शकतो. मागितलाच नाही तर मिळत नाही. संरक्षण आदेश मोडणं हा अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत तिच्या पर्समध्ये आणि साताऱ्याच्या पोलीस ठाण्यात, दोन्हीकडे हवी.

वाकडा शेरा

काळा कोट यांचं पटतं, पण एफआयआरबद्दल एक अक्षर नाही? सासरच्या छळाचं ४९८अ, म्हणजे आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, आधी लावलं तर नवरा जागेवर येतो. एनसीवर पोलीस काहीही करत नाहीत.

काळा कोट

एनसीबद्दल बरोबर बोललात. म्हणूनच एनसीची प्रत फक्त पुरावा म्हणून अर्जाला जोडायची, तिच्यावर विसंबायचं नाही.

एफआयआर साताऱ्यातही होतो, आसरा घेतला आहे तिथे तक्रार करता येते हे रूपाली देवी प्रकरणात २०१९ मध्ये ठरलं आहे. पण त्यातून छप्पर, पैसा आणि ताबा यातलं काहीच मिळत नाही. अटकही आपोआप होत नाही, २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर सहसा हजर राहायची नोटीस निघते. मारहाण गंभीर असेल, जिवाची धमकी असेल तर एफआयआर जरूर करा, पण 'जागेवर आणायला' म्हणून नको. तसा दाखल केलेला गुन्हा पुढे तडजोडीत मागे घेतला जातो आणि हाती काही उरत नाही.

भरोसा सेलमध्ये (पोलिसांचा महिला-मुलांसाठीचा मदत कक्ष) समुपदेशनाला बोलावलं तर जावं. समेटाच्या कागदावर तिथेच सही करू नये. 'घरी नेऊन वाचते' म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे.

पाटी-पेन्सिल

मामांना सांगा, शाळेसाठी दाखल्याची वाट बघू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाचा प्रवेश थांबवता येत नाही. साताऱ्याच्या शाळेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाखल्याची मागणी मग शिक्षण विभागाच्या पोर्टलवरून शाळा ते शाळा जाते. नव्या शाळेचं नाव जुन्या शाळेला तिथे दिसतं, हे मात्र लक्षात असू द्या.

मुख्याध्यापकांना 'बापाकडे मूल देऊ नका' असं तोंडी सांगून भागत नाही. आदेश नसेल तर बापही पालकच आणि शाळेची पंचाईत होते. म्हणून वर म्हटलेला ताब्याचा अंतरिम आदेश. तोवर मुलांना न्यायला येणाऱ्या दोन माणसांची नावं, फोटो आणि नंबर लेखी द्या, आणि रिक्षावाल्या काकांनाही सांगा. मुलगी पाच वर्षांच्या आतली आहे, या वयात ताबा साधारणपणे आईकडेच राहतो.

वर्गशिक्षिकेला सगळी हकीकत नको, एवढंच सांगा: मुलगा आवाज चढला की दचकेल, वह्या अपुऱ्या राहतील, शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभा करू नका.

पैशाचं: बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. संजय गांधी निराधार योजना तहसीलला, दरमहा १,५००, पण तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० आहे. आई-वडिलांच्या रेशनकार्डात नाव घातलं की त्यांचं उत्पन्न पुढे येतं आणि अर्ज बाद होतो. घाईने नाव घालण्याआधी हा हिशोब करा. आणि पुढे नोकरी पुण्यात लागली तर नोकरदार महिलांच्या सखी निवास वसतिगृहांची चौकशी करा, तिथे आईसोबत १२ वर्षांपर्यंतचा मुलगा आणि १८ पर्यंतची मुलगी राहू शकते.

वॉर्ड सिस्टर

शरीराचं कोणीच लिहिलं नाही. तिला थेट विचारा, शक्यतो बाईने आणि एकटीला: गळा दाबला होता का? आवाज बसणं, गिळताना दुखणं, चक्कर, डोळ्यांत रक्ताचे ठिपके यातलं काहीही असेल तर आजच दाखवा. बाहेर वळ नसला तरी आतली इजा असू शकते आणि त्रास काही दिवसांनीही वाढतो. कानशिलात बसली असेल तर पडदा फाटलेला असू शकतो. कान-नाक-घसा विभागात दाखवून ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करा, तोवर कानात पाणी आणि तेल नको. डोक्याला मार लागल्यावर विसरायला होणं, उजेड सहन न होणं याला घरचे 'टेन्शन' म्हणतात. तपासून घ्या.

केसपेपरवर 'पडल्याने' लिहिलंय की 'पतीने मारल्याने', ते आधी बघा. नव्याने दाखवताना खरं कारण सांगून एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करायला लावा आणि प्रत मागा. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय, पोलीस, वकील आणि समुपदेशन एकाच ठिकाणी जुळवून देतात, गरज पडली तर काही दिवस मुक्कामाची सोयही असते. १८१ वर फोन केला की जवळचं केंद्र सांगतील.

झोप, दचकणं, अचानक रडू येणं हे काही महिने चालतं आणि कोर्टाच्या तारखेच्या आधी उसळतं. त्या आठवड्यात नव्या नोकरीची मुलाखत ठेवू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर मराठीत बोलता येतं. ती कधी 'परत जाऊन बघू का' म्हणाली तर चिडू नका. कागदांची पिशवी मात्र तुमच्याकडेच राहू द्या.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. सिमचं काम उद्याच. एकच शंका: तिची प्रमाणपत्रं, मुलांचे जन्मदाखले अजून नाशिकच्या घरात आहेत. भाऊ आणि मी जाऊन घेऊन येऊ का?

काळा कोट

नको. दोन तरुण दारात गेले की तुमच्यावरच घरात घुसून धमकावल्याची तक्रार होते. अंतरिम अर्जातच वस्तूंची यादी जोडून पोलीस मदतीचा आदेश मागा, कलम १९(७) मध्ये ती सोय आहे. यादीत कागद वर, कपडे खाली: पदवीची गुणपत्रकं, जन्मदाखले, लसीकरणाचं कार्ड, पॅन, पासबुकं, औषधं, दप्तरं. भांडी-फर्निचर या फेरीत मागू नका, त्यावरून वाद पेटतो आणि कागदही राहून जातात. जाताना ती स्वतः, एक वयस्क नातेवाईक बाई आणि पोलीस. सोनं दिसलं तरी आदेशात नसेल तर हात लावायचा नाही. मिळालेल्या आणि न मिळालेल्या वस्तूंची नोंद दोन प्रतींत करून त्यावर हजर असलेल्यांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत तिथून निघण्याआधीच ताब्यात घ्या.