अंबाबाई रुसून आलेली नाही!

करवीरकर
परवा इथं एका ताईंनी कोल्हापूरच्या सहलीचं वर्णन टाकलं. फोटो झकास, तांबड्या-पांढऱ्याचं कौतुकही मनापासून. मधेच वाक्य आलं : "भृगूंनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, लक्ष्मी रुसून कोल्हापूरला आली, म्हणून इथं आल्याशिवाय तिरुपतीचं दर्शन पुरं होत नाही." वर "मावळतीची किरणं थेट मूर्तीवर पडतात तो किरणोत्सव तर साक्षात चमत्कार!" खाली सगळ्यांनी हात जोडलेत. दोन दिवस गप्प बसलो, आता नाही बसवत.

ताई, मूर्ती नीट बघितली का? पूजा बांधल्यावर साडी-दागिन्यांत काही दिसत नाही, मान्य. तर ऐका. उजव्या खालच्या हातात म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), वरच्या हातात गदा. डावीकडं वर ढाल, खाली पानपात्र (पिण्याचं भांडं). मस्तकावर नाग. मागं सिंह. रुसून निघालेली बाई गदा, ढाल आणि सिंह घेऊन येते होय? जिनं कोल्हासुर राक्षस लोळवला तिला तुम्ही नवऱ्याशी भांडून आलेली बाई करून टाकलीत. आमच्या घरात चार पिढ्या 'आई अंबाबाई'च म्हणतात.

नीरजा_ठाणे
ताई मीच. गाइडनं सांगितलं ते लिहिलं, प्रबंध नव्हता लिहीत. पण आता विचारतेच. देवीसमोर गरुड मंडप कुणाचा? आवारात शेषशायी काय करतोय? नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो तो कुणासाठी? आणि मुंबईहून तुमच्या गावाला येणारी गाडी महालक्ष्मी एक्सप्रेस. आधी रेल्वेला पत्र लिहा, मग माझ्यावर घसरा.

पोथीबहाद्दर
दोघंही अर्धे बरोबर, म्हणून दोघंही जोरात.

'महालक्ष्मी' हे नाव बाहेरून आलेलं नाही. कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'श्रीमहालक्ष्मीलब्धवरप्रसाद' (महालक्ष्मीचा वर लाभलेले) म्हणवून घ्यायचे, म्हणजे झाली की आठ-नऊशे वर्षं. पण ही महालक्ष्मी म्हणजे क्षीरसागरात पाय चेपणारी नव्हे. दुर्गासप्तशतीच्या पोथीला जोडलेल्या 'प्राधानिक रहस्य' या प्रकरणात वर्णन आहे : मातुलुंग (म्हणजे म्हाळुंग), गदा, खेट (म्हणजे ढाल), पानपात्र आणि मस्तकावर नाग, लिंग, योनी. करवीरकरांनी लिंग-योनी गाळली, असो. ती त्रिगुणात्मक आद्यशक्ती. महाकाली आणि महासरस्वती तिच्यातूनच झाल्या, आणि देवळात त्या दोघी तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्याही आहेत. नाव महालक्ष्मीच, पण ती कुणाची पत्नी म्हणून नव्हे.

करवीरकर
म्हणजे मी बरोबर.

पोथीबहाद्दर
अर्धे. वर लिहिलंय.

खगोलवेडा
देवी कुणाची ते तुम्ही ठरवा. मला 'चमत्कार' या शब्दावर बोलायचंय. किरणोत्सवाचे दिवस बघा : ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. २१-२२ डिसेंबरपासून दोन्हीकडं साधारण ४१ दिवस मोजा. सूर्य दक्षिणेला जाताना आणि परत येताना एकाच जागी मावळतो, ती जागा देवळाच्या महाद्वाराच्या रेषेत येते. ज्यानं हे दगडात बसवलं त्याला 'चमत्कार' म्हणणं हा त्या माणसाचा अपमान आहे.

दुसरं. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी मुख, असं सगळे घोकतात. प्रत्यक्षात रोजच सूर्य जसा खाली जातो तशी किरणं आत सरकतात आणि वर चढतात. गरुड मंडप, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, मग चरण. मुखावर यायची वेळ अगदी शेवटच्या काही मिनिटांची, सूर्य क्षितिजाला टेकायच्या बेताला असतो तेव्हाची. तेवढ्यात ढग, धूर किंवा कुणाची गच्ची आडवी आली की संपलं.

पेठकर_भाऊ
गच्चीच! मी तिसरीत असल्यापासून जातोय. गाभाऱ्यातले दिवे मालवतात, सगळं चिडीचूप, आणि चांदीच्या उंबऱ्यावर तांबूस पट्टा येतो. गेल्या खेपेला पट्टा गुडघ्यापर्यंत आला नि विझला. माझ्याशेजारची म्हातारी "आई, थांब गं" असं सूर्याला म्हणाली. मजल्यावर मजले चढवणाऱ्यांना काय पडलंय? पाडा सगळं.

गच्चीवाली
'पाडा' म्हणायला काय जातंय? आमच्या आत्याची गच्ची त्याच रेषेत. पाण्याची टाकी हलवायला लावली. हलवली, स्वतःच्या खर्चानं. आता तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही आणि ७४ वर्षांची बाई बादल्या उचलते. तिच्यापुढचा जाहिरातीचा फलक मात्र तसाच उभा. देवीचा उजेड फक्त गरिबाच्या टाकीनंच अडतो काय?

पेठकर_भाऊ
एका टाकीपायी एवढी जुनी परंपरा अडवायची?

गच्चीवाली
तुमच्या घरात नळाला पाणी आहे ना? मग बोला परंपरेवर.

पेठकर_भाऊ
माझ्या घरापर्यंत जाऊ नका. मी पेठेतलाच आहे, भाड्याच्या दोन खोल्यांत. टाकीच नाही मला.

खगोलवेडा
मोजणी करा ना! कुठली कड किती उंच आणि किती मिनिटं खाते, हे यंत्र लावून एका संध्याकाळी कळतं. टाकीही निघेल त्यात, फलकही निघेल.

नीरजा_ठाणे
धागा माझ्यावरून सुरू झाला होता, टाकीत बुडाला. चालू द्या.

माहेरवाशीण
मी टेंबलाईच्या टेकडीच्या पायथ्याची. रुसण्यावरून एवढं रामायण झालं आणि आमच्या त्र्यंबोलीचं, म्हणजे टेंबलाईचं, नाव कुणी काढलं नाही, म्हणजे तिनं परत रुसावं! कामाक्ष राक्षसानं योगदंडानं सगळ्या देवांची शेळ्या-मेंढरं केली, त्याला मारून त्र्यंबोलीनं देव सोडवले, आणि विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलवायचं राहिलं. ती पाठ फिरवून टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाई स्वतः समजूत काढायला गेली. म्हणून नवरात्रातल्या ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेकडीवर येते, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो.

त्या कोहळ्याच्या फोडीसाठी काय झोंबाझोंबी चालते! आमच्या आजीनं एकदा पदरात अर्धी फोड मिळवली, त्या नादात एक बांगडी नि एक चप्पल गेली. फोड ती वाळेपर्यंत देव्हाऱ्यात होती. चप्पल कोल्हापुरी, नवीकोरी होती. तिची आठवण आजी मरेपर्यंत काढायची.

नीरजा_ठाणे
म्हणजे कोल्हापुरात रुसलेली देवी आहेच की! फक्त मी टेकडी चुकले.

करवीरकर
टेकडी चुकलात, देवी चुकलात, कारणही चुकलात. बाकी सगळं बरोबर. शालूबद्दल मात्र माझी तक्रार नाही, येऊ दे दरवर्षी. लेकीला कुणीही साडी पाठवावी.

पोथीबहाद्दर
मगाशी 'आई' होती, आता 'लेक'?

गच्चीवाली
फलकाचं काय झालं, ते कुणी सांगणार आहे का?