आईबाबांसाठी बोलका स्पीकर : आत्ता घ्यावा की नव्या एआयची वाट बघावी? (मिरज, बजेट ६,०००)

कृष्णाकाठ :
मिरजेत दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं जुनं घर आहे. आईचे गुडघे दुखतात, बाबांना बारीक अक्षर दिसत नाही. पलंगावरून पंखा-दिवा, गोळ्यांची आठवण, अभंग आणि मला पुण्याहून बोलता यावं, एवढंच हवं. दोघंही मराठीच बोलतात. नवी एआयवाली अलेक्सा आणि गुगलचं जेमिनी येतंय म्हणतात. थांबावं का? वायरमन धरून ६,०००.

ठाणे_स्लो :
थांबू नका. अमेझॉनचा स्क्रीनवाला अलेक्सा स्पीकर, इको शो, घ्या, व्हिडिओ कॉलही होतो. आमच्याकडे चार खोल्यांत चार इको आहेत, कुठूनही दिवे बंद. हिंदी २०१९ पासून येते, आईबाबांना हिंदी समजतंच ना? तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं म्हणजे ड्रॉप-इन. त्यांच्या अलेक्सा ॲपमधून तुमच्या नावाला परवानगी देऊन ठेवा, म्हणजे त्यांनी काहीही न दाबता तुमचा आवाज थेट खोलीत जातो.

कृष्णाकाठ :
दादा, इको शो घेतला तर त्यातच बजेट संपतं. आणि बाबांना स्क्रीन काय दिसणार?

पाटण_ते_प्लानो :
नवी अलेक्सा फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाली आणि इथे अमेरिकेत आधी आली. अमेझॉन प्राइमवाल्यांना फुकट, बाकीच्यांना महिना १९.९९ डॉलर. गप्पा छान मारते, अर्धवट बोललेलं समजून घेते, तीन कामं एका वाक्यात सांगितली तरी चालतं. पण साध्या 'दिवा लाव'ला जुनीपेक्षा जास्त वेळ घेते, कारण आता प्रत्येक वाक्य मोठ्या मॉडेलमधून जातं. पहिल्या पिढीच्या बऱ्याच इकोंवर ती चालतच नाही, म्हणून सेकंडहँड जुना स्पीकर घेऊ नका. आजचं मॉडेल घेतलंत तर पुढे ती भारतात आली की त्याच डब्यावर मिळण्याची शक्यता जास्त. नव्या एआयसाठी खरेदी लांबवण्यात अर्थ नाही.

गुगलभक्त_नाशिक :
मराठीचा मुद्दा सगळे टाळताय. गुगल असिस्टंट फोनवर २०१८ पासून मराठी समजतो, जेमिनी ॲप २०२४ पासून. स्पीकरवर मात्र हिंदी-इंग्रजीच, आणि फोनवर मराठी आली म्हणून स्पीकरवर येतेच असं नाही. माझं मत: चांगला अँड्रॉइड फोन घ्या, स्टँडवर ठेवा.

ओहमचा_नियम :
फोन कायम चार्जिंगला लावून ठेवला तर बॅटरी फुगू शकते. शिवाय फोनचा माइक जवळून बोलण्यासाठी असतो. पलंगापासून तीन मीटरवर पंखा फुल असताना त्याला काही कळत नाही. स्पीकरमध्ये त्यासाठीच एकापेक्षा जास्त माइक असतात. तेही भिंतीपासून वीसेक सेंटिमीटर पुढे आणि टीव्हीपासून लांब ठेवले तरच.

गुगलभक्त_नाशिक :
चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याच फोनमध्ये आहे. फोन हा उत्तम पर्याय आहे.

स्वतःचं_सर्व्हर :
दोन्ही कंपन्या नकोत. अमेझॉनने २८ मार्च २०२५ पासून रेकॉर्डिंग क्लाउडला, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरला, न पाठवण्याचा पर्याय बंद केला. मुलांच्या रेकॉर्डिंगवरून २०२३ मध्ये अमेरिकेत अडीच कोटी डॉलर भरावे लागले ते वेगळंच. होम असिस्टंट बसवा, ते घरच्याच कॉम्प्युटरवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यांचं 'व्हॉइस प्रीव्ह्यू एडिशन' हे माइक-स्पीकरचं यंत्र डिसेंबर २०२४ मध्ये ५९ डॉलरला आलं. माइक बंद करायची खटक्याची कळ आहे. मराठी वाक्यं कस्टम सेंटेन्सेसच्या फोल्डरमध्ये स्वतः लिहायची: 'पंखा बंद कर', 'पंखा घालव', 'फॅन बंद', सगळे पर्याय एकाच आज्ञेला जोडायचे. घरातली बोली घरातच राहते.

ओहमचा_नियम :
हे मिरजेत कोण सांभाळणार? आवाजाचं अक्षरांत रूपांतर करायला तुम्ही व्हिस्पर वापरणार. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर एका आज्ञेला आठेक सेकंद लागतात. पायला झेपतात ती लहान मॉडेलं मराठीत खूप चुका करतात, मोठ्या मॉडेलला ग्राफिक्स कार्डवालं मशीन लागतं. ५९ डॉलर, कस्टम ड्यूटी आणि वर हे मशीन, ६,००० मध्ये कसं बसवता?

स्वतःचं_सर्व्हर :
पैसे एकदाच जातात. खासगीपण कायमचं राहतं.

वायरमन_वाई :
कृष्णाकाठ ताई, स्पीकर कुठलाही घ्या, घोडं अडतं ते स्विचबोर्डात. बटणामागे बसणाऱ्या वायफाय रिलेला (स्पीकरच्या सांगण्यावरून चालू-बंद होणारा स्विच) सतत वीज लागते, म्हणजे न्यूट्रल पाहिजे. जुन्या घरात बटणापर्यंत फक्त फेज येतो, न्यूट्रल परस्पर दिव्याला जाते. ओळखायची खूण: त्याच बोर्डात प्लग असेल तर न्यूट्रल आलेली असते. नसेल तर वायर ओढावी लागेल, आणि पाइप गंजून चोंदला असेल तर वरून पट्टी.

पंख्याला साधा रिले लावला तर फक्त चालू-बंद होतो. वेग बदलायचा तर कपॅसिटरवालं मॉड्यूल लागतं आणि आधीचा रेग्युलेटर काढावा लागतो. बोर्डाचा डबा ४५-५० मिमी खोल नसेल तर मॉड्यूल दाबून बसवू नका, तापतं. गिझर याच रिलेवर अजिबात नको. २,००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपियर घेतो आणि स्वस्त मॉड्यूलचा संपर्क वितळून चिकटतो, मग तो बंदच होत नाही. गिझरला १६ अँपियरचंच.

ठाणे_स्लो :
बरोबर. गिझर नकोच. आणि शोच घ्या, पुन्हा सांगतो.

तारयंत्र :
तीन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

लाईट गेली की राउटर बंद, राउटर बंद की स्पीकर मुका. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट किती अँपियर लिहिलंय ते बघून तेवढा मिनी यूपीएस घ्या. मोडेम वेगळा असेल तर त्यालाही. लाईट आल्यावर रात्री सगळे स्मार्ट दिवे आपोआप लागतात. ॲपमध्ये वीज परत आल्यावरची स्थिती 'आधी होती ती' अशी करून ठेवा.

रिले आणि दिवे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच पकडतात. राउटर बदललात तर वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा, नाहीतर प्रत्येक वस्तू नव्याने जोडायला तुम्हाला मिरजेला जावं लागेल.

मराठीसाठी एक युक्ती. बाबांना अलेक्सासमोर त्यांच्या पद्धतीने बोलू द्या: 'पंखा जरा कमी कर'. मग ॲपमधल्या व्हॉइस हिस्टरीत तिने काय ऐकलं ते बघा. हिंदीच्या कानाने तिने जे वेडंवाकडं लिहिलं असेल, तेच जसंच्या तसं ॲपमधल्या रूटीनचं (ठरलेलं वाक्य ऐकलं की ठरलेलं काम करायची सोय) वाक्य म्हणून टाका. प्रत्येक आज्ञेची दोन-तीन रूपं भरलीत की बाबांना हिंदी शिकवावी लागत नाही. ॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग तीन महिन्यांनी आपोआप पुसायची सोयही आहे, ती लावाच.

गुगलभक्त_नाशिक :
मराठी फोनवर थेट समजते, युक्ती लागत नाही.

तारयंत्र :
आणि गोळ्यांचं: आठवण दोनदा बोलून गप्प होते. गोळी घेतली का हे तिला कळत नाही, दुपारचा फोन तुम्ही करायचाच. पडल्यावर ११२ ला फोन लावेल या भरवशावरही राहू नका, आपल्याकडे तो थेट लागत नाही. नात्यातल्या तिघांचे नंबर लावून ठेवा.

कृष्णाकाठ :
सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं. बिनस्क्रीनचा लहान स्पीकर एकच, अभंग, गोळ्या आणि ड्रॉप-इनपुरता. पंखा-दिवे त्याला जोडतच नाही. आईच्या खोलीत रिमोटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा, आणि बोळात माणसाची चाहूल लागली की लागणारा दिवा. बोर्ड फोडायचा नाही.

ठाणे_स्लो :
मग स्पीकरचा अर्धा उपयोग वाया. पस्तावाल.

स्वतःचं_सर्व्हर :
क्लाउडचा माइक घेतलातच शेवटी.

ओहमचा_नियम :
निवड चांगली आहे, पण दिवा पीआयआरवाला घेऊ नका. तो शरीर आणि भिंत यांच्या तापमानातला फरक बघतो. एप्रिलमध्ये मिरजेत भिंतच अंगाइतकी तापते, मग त्याला माणूस दिसत नाही. रडारवाला घ्या, त्याला उन्हाचा फरक पडत नाही. मात्र तो पातळ दारापलीकडची हालचालही पकडतो, दरवाज्याला लागून लावलात तर रस्त्यावरच्या माणसालाही पेटेल. संडासात नको, माणूस स्थिर बसला की विझतो.

कृष्णाकाठ :
रडारवालाच बघते. बीएलडीसीला भिंतीवरचा रेग्युलेटर ठेवला तर चालतो?

वायरमन_वाई :
नाही, काढून सरळ जोडायचा. भिंतीवरचं बटण कायम चालू राहू द्या, नाहीतर रिमोट चालणार नाही. आणि रेग्युलेटर काढायला माणूस येतोच आहे, तर पुढे कधी रिले लावायचा झाला तर म्हणून त्या बोर्डात न्यूट्रल ओढून टोक टेप लावून ठेवायला सांगा.