जॉन्गग्वानहॉनच्या कठड्यावर वटवाघूळ कशासाठी?

प्रश्न (सोलापूर)
नमस्कार. दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील डॉक्सुगुंग राजवाड्यात सुमारे १९०० साली बांधलेल्या जॉन्गग्वानहॉन या दालनाची छायाचित्रे मी काही दिवस पाहत आहे. छप्पर कोरियन पद्धतीचे, आतले खांब युरोपीय धाटणीचे आणि तीन बाजूंना आपल्या ओसरीसारखी मोकळी जागा. पण कठड्याच्या नक्षीत हरीण आणि पाइन वृक्षासोबत वटवाघूळही आहे! आमच्या घरी तिन्हीसांजेला वटवाघूळ पडवीत शिरले की आजी अस्वस्थ होऊन देवापाशी दिवा लावायची. मग सम्राटाच्या दालनात त्याला मानाची जागा कशी मिळाली? आणि या वास्तूला कोरियन म्हणावे की पाश्चात्त्य?

उत्तर १
ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर उच्चारात आहे. वटवाघळाचे चिनी अक्षर आणि सुदैवाचे चिनी अक्षर लिहायला वेगळे असले, तरी कोरियन वाचनात दोन्हींचा उच्चार ‘बोक’ असाच होतो. त्यामुळे तिथे संदुकांवर, कपड्यांवर, दागिन्यांवर वटवाघूळ शुभचिन्ह म्हणून येते. हरीण आणि पाइन ही दीर्घायुष्याची चिन्हे. म्हणजे कठड्याची कल्पना बाहेरून आली असली, तरी त्यावरचा आशीर्वाद घरचाच आहे.

उत्तर २
माझ्या मते ही वास्तू कोरियनच आहे, आणि त्यासाठी काळ पाहावा लागेल. १८९५ मध्ये राणीची हत्या झाल्यावर कोरियाचे राजा गोजोंग यांनी १८९६ मध्ये रशियन वकिलातीत आश्रय घेतला, पुढच्या वर्षी ते याच राजवाड्यात राहायला आले आणि १८९७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी कोरियन साम्राज्याची घोषणा केली. जगातल्या सत्तांच्या बरोबरीने उभे राहू पाहणाऱ्या राज्याचे हे बांधकाम आहे. आराखड्याचे श्रेय सामान्यतः सेरेदिन-साबातिन या रशियन वास्तुविशारदाला दिले जाते, पण बाहेरच्या लाकडी खांबांचे माथे जवळून पाहा: तिथे साम्राज्याचे चिन्ह असलेले आलुबुखाराचे फूल कोरलेले आहे.

उत्तर ३
वरील मताशी सहमत आहे. फक्त एक भर घालतो. गोजोंग इथे बसून कॉफी घेत, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, परंतु राजघराण्यातील राजांची चित्रे काही काळ इथे ठेवली होती, ही बाब मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण केवळ विरंगुळ्याच्या जागी पूर्वजांची चित्रे कोणी ठेवणार नाही. ताई, आपण सोलापुरातच आहात, तर महापालिकेच्या इंद्रभुवनासमोर सावकाश उभ्या राहा. वारद घराण्याने बांधलेल्या त्या वास्तूतही देशी आणि युरोपीय घडण एकत्र नांदते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी वही घेऊन इंद्रभुवनाकडे जाते आणि तिथल्या खांबांच्या माथ्यांपासूनच रेखाटन सुरू करते.