नववीसाठी कादंबरी निवडायची आहे, ख्रिस्ती दृष्टीने काय पाहावं?

मिरजेची_शिक्षिका
जय ख्रिस्त. शाळा ख्रिस्ती संस्थेची, अनुदानित. नववीत 42 मुलं, त्यांत ख्रिस्ती पाच-सहा. अवांतर वाचनाला आठवड्यातून 35 मिनिटांचा एक तास मिळतो. शिवीगाळ, दारू, व्यभिचार असलेली पुस्तकं सरसकट बाद करायची का? बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ घेतली तर चालेल का?

सातारा_वाचक
ताई, सरसकट नको. ती चाळणी लावली तर बायबलमधल्या 2 शमुवेलचा 11वा अध्यायही गळून पडेल: दावीद राजा, दुसऱ्याची बायको बथशेबा, तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा खून. पाप आहे की नाही यापेक्षा ते कसं दाखवलंय ते पाहा. दारूच्या बैठकीची नुसती मजा रंगवली आहे, की दुसऱ्या दिवशी त्या घरची चूल पेटली नाही हेही लेखकाने लिहिलंय? बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्र 4:8 मध्ये कशाचं मनन करावं याची यादी आहे; तीत ‘सत्य’ आधी येतं, ‘शुद्ध’ नंतर. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

दुसरी कसोटी क्षमेची. शेवटच्या दोन पानांत सगळे रडून सुधारतात अशी कादंबरी नकोच. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’मध्ये (1862) 19 वर्षांची कैद भोगून आलेला ज्याँ वालज्याँ बिशपची चांदीची भांडी चोरतो, पोलीस त्याला धरून आणतात, तर बिशप वर मेणबत्तीचे दोन चांदीचे स्टँडही देतो. पण त्यानंतरही वालज्याँ एका पोराचं नाणं पायाखाली दाबून ठेवतो, आणि पोरगं रडत निघून गेल्यावरच त्याला स्वतःची ओळख पटते. वर्गात तास घ्यावा तो इथे. मूळ पुस्तक अवाढव्य आहे, संक्षिप्तच लागेल. त्यात हे नाणं गाळलं असेल तर ती प्रत घेऊ नका.

सांगलीहून
हिशोब आधी करा. मोठ्याने वाचून, मध्ये थांबून, 35 मिनिटांत आठ-नऊ पानं होतात. 150 पानांना 17-18 तास, म्हणजे चाचण्या-सुट्ट्या धरून जवळपास अख्खं वर्ष. त्याहून जाड पुस्तक अर्ध्यातच राहतं. दोघांत एक अशा 21 प्रती लागतील, आणि सगळ्या एकाच आवृत्तीच्या घ्या, नाहीतर पान क्रमांक जुळत नाहीत आणि पाच मिनिटं शोधण्यातच जातात.

पुस्तक आधी स्वतः शेवटपर्यंत वाचा, अडचणीच्या पानांना पेन्सिलीने खूण करा. पालकसभेत ती पानं उघडून दाखवा. नंतर येणाऱ्या तक्रारी बहुतेक याच पानांवरून येतात.

आणखी एक: संविधानाच्या कलम 28(3) प्रमाणे अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. म्हणून तास भाषेचाच ठेवा. ‘या माणसाला क्षमा मिळायला हवी होती का?’ हा प्रश्न सगळ्या 42 जणांना विचारता येतो. लूक 15 मधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला, धाकट्याला क्षमा मिळाली म्हणून बाहेर रुसून उभा राहिलेला थोरला भाऊ तुमच्या मनात असू द्या, फळ्यावर नको.

मिरजेची_शिक्षिका
आभार. ‘यमुनापर्यटन’चं राहिलं.

सातारा_वाचक
अख्खी नको, उतारे घ्या. 1857 ची भाषा नववीला जड जाते, आणि उपदेश कथेवर चढून बसतो. शेवटी यमुना ख्रिस्ती होते. मिश्र वर्गात चर्चा तिथेच अडकेल. यमुनेला प्रवासात भेटणाऱ्या विधवांची वर्णनं मात्र निवडा, दोन तासांचं काम. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा, कादंबरी त्याच्या पुढच्याच वर्षीची. एवढं आधी सांगितलं की मुलं त्या बायकांचं बोलणं नीट ऐकतात.