कुनुनुर्‍याची ऑफर: अवॉर्डचा पगार आणि भत्ते कसे वाचायचे?

नवापायलट: पश्चिम ऑस्ट्रेलियात कुनुनुर्‍याला सेसना २१० हे छोटं एकइंजिनी विमान उडवायची ऑफर आली आहे. पत्रात नुसतं 'अवॉर्डप्रमाणे पगार' (म्हणजे कायद्याने ठरलेल्या किमान वेतननियमांप्रमाणे) लिहिलंय, आणि खोलीचं भाडं परस्पर कापणार म्हणे. दुर्गम भागाचा भत्ता वेगळा मिळतो ना?

किंबर्लीताई: अभिनंदन रे! 'एअर पायलट्स अवॉर्ड २०२०' स्वतः उघडून वाच, सांगोवांगीवर जाऊ नकोस. जनरल एव्हिएशनमधला, म्हणजे मोठ्या एअरलाइनबाहेरच्या उड्डाणांचा, किमान पगार विमानाच्या वर्गावर आणि वजनावर ठरतो. १३६० किलोखालची एकइंजिनी विमानं वेगळ्या ओळीत, तुझं २१० त्यावरच्या. मी पहिलं वर्षभर खालच्या ओळीचा पगार घेत होते, कारण तक्ता कधी पाहिलाच नव्हता! नंतर फरक मागितला, मिळाला. सहा वर्षांपर्यंतची थकबाकी मागता येते. दर साधारणपणे १ जुलैला बदलतात, तेव्हा ताजा तक्ताच बघ. मुक्कामी राहावं लागलं तर जेवण-निवासाचं कलमही वाच. आणि भाडं कापायला तुझी लेखी संमती लागते. घाईत सही करू नकोस.

नवापायलट: ताई, मग दुर्गम भागाच्या झोनचे पैसे म्हणतात ते?

रात्रपाळी: ती दुर्गम झोनमध्ये राहणाऱ्यांची करसवलत आहे, मालक देत नाही. त्या झोनमध्ये तुझं नेहमीचं घर हवं, साधारण १८३ दिवस. पर्थला घर ठेवून येऊन-जाऊन काम केलंस तर २०१५-१६ पासून मिळत नाही.

नवापायलट: आज तक्ता काढतो. विमानाचं वजनही लेखी मागतो.